चौथ्या मजल्याची टोळी

आमच्या बिल्डिंगमध्ये कोणाचंही भलं करता येतं. पहिल्या मजल्यावरचा कुत्रा बिस्किटाचा पुडा फोडल्याशिवाय कुणाला ओळख देत नाही, पण प्रयत्न केला तर त्याचंही करता येतं. चौथ्या मजल्यावरच्या हौसेरावांचं भलं करणं मात्र आजवर कुणाला जमलेलं नाही. ज्यांनी ज्यांनी प्रयत्न केला ते सगळे जिना उतरताना स्वतःशीच बोलत उतरले. मी त्यातला एक.

एकदा त्यांचं दूध खाली राहिलं होतं म्हणून मी पिशवी वर नेऊन दारात ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात दुधाची पिशवी आणि वर अर्धा डझन वेलची केळी. उपकार फेडायची एवढी घाई मी दुसऱ्या कुणाला पाहिलेली नाही. बाजारातून येताना त्यांच्या हातातली भाजीची पिशवी धरायला गेलो तर म्हणाले, "सायेब, सोडा. माझं हात जाग्यावर हायेत." हात होते जागेवर. पाठ नव्हती.

हौसेराव मूळचे साताऱ्याकडचे. तरुणपणी मुंबईत मस्जिद बंदरला पाठीवर गोणी घेतली, आणि मार्केट वाशीला आलं तसे गोणीसकट तेही वाशीला आले. सगळा जन्म कांदा-बटाटा मार्केटात माथाडी कामगार म्हणून काढला, शेवटी शेवटी टोळीचे मुकादम झाले. निवृत्त झाले तेव्हा पाठीचा मणकाही त्यांच्याबरोबर निवृत्त झाला. डॉक्टरांनी तसं सांगितलं, एक्स-रेनं दाखवलं, हौसेरावांनी मात्र मान्य केलं नाही. या बिल्डिंगमध्ये एकही फ्रिज, एकही कपाट असं नाही जे त्यांच्या हाताशिवाय वर चढलं असेल. आम्ही सगळे तेव्हा नुसते "सांभाळून, सांभाळून" असं म्हणत मागून चालायचो, आणि वर पोचल्यावर आम्हालाच दम लागलेला असायचा.

आमची सोसायटी जुनी. चार मजले, लिफ्ट नाही. घरं घेतली तेव्हा सगळे तिशी-पस्तिशीचे होते, आणि त्या वयात जिना हा रस्त्याचाच एक तुकडा वाटतो. पुढे जिना तसाच राहिला, माणसांचे गुडघे मात्र एकेक करून बोलायला लागले. सगळ्यांत मोठ्यानं बोलले ते सत्यभामामावशींचे.

मावशी म्हणजे हौसेरावांच्या मंडळी. आयुष्यभर भाकऱ्या, पोरं आणि गावाकडून येणारे पाहुणे यांत गेलेली ही बाई साठी उलटल्यावर गार्डनपलीकडच्या ज्येष्ठ नागरिकांच्या विरंगुळा केंद्रात भजनाला म्हणून गेली आणि तिला तिथे कॅरम सापडला. भजन राहिलं बाजूला. मावशींनी स्वतःचा स्ट्रायकर घेतला, तो कनवटीला लावायच्या, आणि रोज दुपारी केंद्रात जाऊन पेन्शनर पुरुषांची राणी घेऊन यायच्या. राणी घेतली की "आगं बया" एवढंच म्हणायच्या, तेही समोरच्याबद्दल वाईट वाटल्यासारखं. आमचे सेक्रेटरी सुभाषराव, रिटायर्ड बँक ऑफिसर, त्यांच्याशी एकदाच खेळले. केंद्रातला बोर्ड एका बाजूला कललेला आहे असं ते अजून सांगतात.

गेल्या दिवाळीनंतर गुडघे असे धरले की मावशींचं उतरणंच बंद झालं. ऑपरेशन करायचं तर आधी साखर खाली आली पाहिजे, असं डॉक्टर म्हणाले. साखर फिरल्याशिवाय खाली येईना आणि मावशी खाली आल्याशिवाय फिरणार कशा. दिवसभर स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसायच्या. समोरच्या झाडावरच्या कावळ्याला आमच्या बिल्डिंगची सगळी माहिती झाली असेल. मग हळूहळू त्याच्याशीही बोलेनाशा झाल्या. जेवण निम्म्यावर आलं. स्ट्रायकर तेवढा कनवटीला होता.

आरोग्य केंद्रातून बीपी बघायला येणाऱ्या सिस्टर तेजश्री एक दिवस हौसेरावांना दारात उभं करून म्हणाल्या, "गोळ्या वाढवून मी काय करू? यांना खाली न्या, माणसांत न्या. नाहीतर थोड्याच दिवसांत आजी खिडकीपर्यंतसुद्धा यायच्या नाहीत."

हौसेरावांनी ते कुणाला सांगितलं नाही. पण ही बातमी जिन्यानं खाली आली आणि आम्ही सगळे भलं करायला सरसावलो.

पहिला मान सोसायटीचा. सुभाषरावांनी लिफ्टसाठी मीटिंग घेतली. तळमजल्यावाल्यांनी विचारलं, लिफ्ट आम्हाला नेणार कुठे? पहिल्या मजल्यावरच्या एका गृहस्थांच्या मते लिफ्टचा खांब त्यांच्या देवघरावर येत होता. चहा झाला, वडे झाले, आणि एक लिफ्ट उपसमिती नेमली गेली. तिची पहिली बैठक परिस्थितीची प्रत्यक्ष पाहणी म्हणून चौथ्या मजल्यावर ठेवली. कोरम झाला नाही.

मग मुलगा आला. धनाजी खारघरला टॉवरमध्ये राहतो, चौदावा मजला, दोन लिफ्ट. त्यानं चार ओळखीची पोरं आणून, बापाचं काही न ऐकता, आईला उचलून गाडीत घातलं. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. आठवडा व्हायच्या आत मावशी त्याच पोरांच्या खांद्यावरून परत. का, तर म्हणाल्या, "लिफ्टमदी मान्सं लई भेटत्यात, पर समदी वर बगून आकडं वाचत ऱ्हात्यात. बोलायचं कुनाशी?" धनाजी माझ्याकडे बघून नुसता हात जोडून निघून गेला. त्या नमस्काराचा अर्थ मला पूर्ण कळला.

त्यानंतर 'स्नेहांकुर' नावाच्या सेवामंडळाला कुणीतरी कळवलं. ते व्हीलचेअर घेऊन आले. सोबत फोटोग्राफर आणि बॅनर. बॅनरवर 'गरजू ज्येष्ठांस आधार' असं लिहिलेलं. लाभार्थी चौथ्या मजल्यावर, म्हणून सहा कार्यकर्त्यांनी धापा टाकत व्हीलचेअर चौथ्या मजल्यावर नेली. हौसेरावांनी दार उघडलं, खुर्चीच्या चाकांकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, ही उतरायची कशी? मंडळाच्या अध्यक्षांनी हा फार महत्त्वाचा मुद्दा आहे असं कबूल केलं आणि तोवर मावशींनी फोटोपुरतं खुर्चीत बसावं अशी विनंती केली. हौसेरावांची नजर तेवढ्यात बॅनरवर गेली. त्यांनी दार लावलं. आपटलं नाही. मार्केटात माल संपल्यावर गाळ्याचं शटर ओढतात तसं लावलं. सहा कार्यकर्ते ती खुर्ची परत खाली घेऊन आले. तेव्हापासून ती मीटररूममध्ये असते आणि आमचा वॉचमन सयाजी तिच्यात बसतो. आता तर तो गेट लावायलासुद्धा बसल्या बसल्या जातो.

मी शेवटचा प्रयत्न म्हणून हौसेरावांना सांगितलं की आपण चौघंपाचजण मिळून मावशींना उचलून नेऊ, रोज नेऊ, काय मोठं आहे त्यात. ते म्हणाले, "मदत नको सायेब." मी चिडलो. मदत नको तर बाईला खिडकीत वाळवणार आहात का, असं तोंडावर आलं होतं. ते गिळून मी खाली आलो आणि उज्वलावर चिडलो. उज्वला म्हणजे आमची बायको. तिचा यात काही संबंध नव्हता.

त्याच आठवड्यात एका दुपारी दाराबाहेर धप्प असा आवाज आला. दार उघडलं. आमच्या चपलांच्या रॅकवर सत्यभामामावशी बसलेल्या. ठेवणीतलं इरकल, केसांना तेल, हातात स्ट्रायकर. शेजारच्या पायरीवर हौसेराव भिंत धरून, चेहरा पांढरा फटक.

प्रकार असा होता. सिस्टरांचं बोलणं हौसेरावांनी मनाला लावून घेतलं होतं, आणि त्यांना वजन वाहायची एकच रीत ठाऊक होती. त्यांनी मावशींना पाठीवर घेतलं. मार्केटात गोणी कितीही जड असो, ती आपली आपल्याला पाठीवर घेता येत नाही, दोघांनी दोन्हीकडून उचलून चढवून द्यावी लागते. इथे दोघं कुठून आणणार? मावशी कशाबशा पलंगावर चढल्या आणि तिथून पाठीवर बसल्या. दोन मजले झकास उतरले. आमच्या दाराशी मणक्यानं आवाज दिला, आणि हौसेरावांनी जन्मात पहिल्यांदा ओझं अर्ध्या वाटेत टेकवलं. आता परत पाठीवर घ्यायला जिन्यात पलंग नव्हता.

पाठीपेक्षा त्यांना त्याचीच लाज जास्त वाटत होती. मी पुढे झालो तर हात वर करून म्हणाले, कुणी हात लावायचा नाही, जरा दम घेतो आणि उठतो.

तो दम दिवेलागणीपर्यंत चालला.

मावशींना मात्र काही घाई नव्हती. कित्येक महिन्यांनी त्या माणसांच्या वाटेत बसल्या होत्या. वर जाणारा थांबे, खाली येणारा थांबे. कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कुणाच्या मुलानं नोकरी सोडली, तळमजल्यावरच्या बाईंनी केस का कापले, सगळी थकबाकी त्यांनी बसल्या जागी वसूल केली. उज्वलानं आधी चहा दिला, मग पोहे दिले, मग लाडात येऊन विचारलं, मावशी अजून काय देऊ? मावशी म्हणाल्या, तुझ्या पलंगाखाली पोरांचा कॅरम आहे ना.

कॅरम आला. स्टुलावर ठेवला. जिना बंद. तिसऱ्या मजल्यावरचा कुलदीप, जो घरूनच कॉम्प्युटरवर काम करतो आणि ज्याचं तोंड आम्ही वर्षातून होळीलाच बघतो, तो पार्सल घ्यायला उतरला तो तिथेच पायरीवर बसला. स्ट्रायकरचा आवाज ऐकून सुभाषराव तरातरा वर आले, जिना ही सामाईक जागा असून तिथे खेळ मांडणं उपविधीत बसत नाही असं त्यांनी सांगितलं, आणि मग एक डाव खेळून हरले. हा बोर्डही कललेला निघाला.

अंधार पडायला लागला. आता बाईला जिन्यात ठेवून जेवायला कसं जायचं, हा प्रश्न सगळ्यांच्या चेहऱ्यावर दिसायला लागला. कुलदीप बिचारा नवखा. तो म्हणाला, "अण्णा, आम्ही मदत करतो ना. टेन्शन कशाला घेता?"

"मदत नको," हौसेराव म्हणाले.

माझ्या डोक्याची शीर तडतडली. पण मी काही बोलायच्या आत मावशी बोलल्या. मान वर केली नाही, राणीवर नेम धरलेला होता.

"आवं, मार्केटात पोतं कोन चडवून द्यायचं तुमच्या पाठीवर?"

"टोळीतली. दुसरं कोन?"

"ती काय मदत करायची तुमाला?"

"मदत कसली त्यात. आज त्यानं मला हात लावायचा, उद्या मी त्याला. टोळीचं कामच हाय ते."

"आन् ह्या सुबाससायबांचा फ्रीज कुनी चडवला? ह्या उज्वलाचं कपाट? ह्या पोराचा पलंग?" मावशींनी स्ट्रायकर सोडला. राणी खड्ड्यात गेली, मागोमाग सोंगटीही. "हात लावायची पाळी कवाच त्यांच्यावर आलीया. टोळी हितं उबी हाय तुमच्या म्होरं, आन् तुमी भितीला टेकून बसलायसा."

सुभाषरावांनी चष्मा पुसला. हौसेरावांनी आमच्याकडे एकेकाकडे पाहिलं. माल उतरवायच्या आधी गोण्यांकडे बघावं तसं. आम्ही नकळत ताठ उभे राहिलो.

"हात लावा," ते म्हणाले.

आम्ही धावलो. तर म्हणे आज खाली नाही, वर. खाली उतरवणं अवघड असतं, आणि शिकल्याशिवाय माझ्या बायकोला कुणी खाली नेणार नाही. मावशी खालच्या जिन्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, कधी? शनिवारी, असं हौसेरावांनी सगळ्यांदेखत सांगितलं.

इथे आमचा त्रास संपायला हवा होता. इथे तो सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसेराव कंबरेला पट्टा बांधून दारात हजर. कुलदीप, सुभाषराव, सयाजी आणि मी, अशी टोळी. मुकादम अर्थात ते. सुभाषरावांच्या घरातली हातांची सागवानी खुर्ची त्यांनी पसंत केली, सुभाषरावांना न विचारता. तिला चारी बाजूंनी दोराची कडी बांधली. उंच माणसं खालच्या बाजूला, ठेंगणी वरच्या. मोबाइल घरी. बोलायचं फक्त मुकादमानं. कुलदीपचे दंड चाचपून म्हणाले, "जिमचं अंग दिसाया बरं, कामाला कच्चं." मला तर चाचपलंसुद्धा नाही.

सराव बटाट्यांवर. जुन्या गाळ्यावरून त्यांनी एक गोणी मागवली, ती खुर्चीत बसवली आणि पदरासारखं फडकं तिच्यावरून घेतलं, का तर आम्हाला जबाबदारीची जाणीव राहावी. पहिल्या दिवशी तिसऱ्या मजल्याच्या वळणावर सुभाषरावांना शिंक आली. बटाटे थेट तळमजल्यापर्यंत गेले. लिफ्ट आम्हाला नेणार कुठे असं विचारणारे गृहस्थ दारात उभे होते, त्यांच्या दिवाणखान्यातही गेले. वरून दारात बसून मावशी हे सगळं बघत होत्या. त्या म्हणाल्या, "बरं झालं बाई, मी न्हवते."

पुढचे दिवस अख्ख्या बिल्डिंगनं बटाटा खाल्ला. भाजी, काचऱ्या, थालीपीठ, काहीही. माझे खांदे असे दुखत होते की उज्वला मला घास भरवायच्या बेतात होती, पण बटाट्याचा घास म्हटल्यावर मीच नको म्हणालो. एका सकाळी मी अंग दुखतंय म्हणून गेलो नाही तर हौसेरावांनी जिन्यातूनच ओरडून सगळ्या बिल्डिंगला सांगितलं की दुसऱ्या मजल्याचा आज खाडा आहे. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझा असा जाहीर अपमान कुठल्या साहेबानं केला नव्हता.

शुक्रवारी गोणी न सांडता खाली गेली आणि न सांडता वर आली. हौसेराव काहीच बोलले नाहीत. सयाजी म्हणाला, म्हणजे पास.

शनिवारी दुपारी मावशी खुर्चीत बसल्या. हौसेराव पुढे, पाठमोरे न होता, आमच्याकडे तोंड करून एकेक पायरी उलटे उतरत होते. आम्हाला ओरडून ओरडून त्यांचा घसा बसला होता, म्हणून बोटांनी खुणा करत होते. त्यांचा एक हात सगळा वेळ मावशींच्या पावलांखाली होता. त्या हातावर कसलंही वजन नव्हतं, पण तो त्यांनी शेवटच्या पायरीपर्यंत काढला नाही. बिल्डिंगमधली सगळी दारं उघडी होती आणि कुणीही "सांभाळून" म्हटलं नाही, कारण मुकादमानं बंदी घातली होती.

खाली मीटररूमपाशी व्हीलचेअर उभी होती. सयाजीनं ती स्वतः पुसली. जड मनानं, पण पुसली. बॅनर नव्हता, फोटोग्राफर नव्हता. हौसेराव खुर्चीची चाकं हातानं फिरवून बघत म्हणाले की आता या वस्तूचा काही उपयोग दिसतो.

केंद्रात पोचल्यावर मावशींनी कनवटीचा स्ट्रायकर काढला. आत काय झालं ते सांगायला मला फारसं आवडणार नाही, कारण त्यातला एक डाव माझ्याशी होता. बाहेर बाकावर हौसेराव बसले होते. आतून "आगं बया" ऐकू आलं की ते मान खाली घालून हसायचे.

परतीला चढण. पहिला मजला गेला. दुसऱ्याच्या अलीकडे माझ्या बोटांना मुंग्या आल्या, सुभाषरावांचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. थांबायचं नाही, ओझं अर्ध्या वाटेत टेकवायचं नाही, हा मुकादमाचा पहिला नियम. तो त्यांनी आमच्याकडून पाठ करून घेतला होता.

"आवं, हितं टेका," मावशी म्हणाल्या. आमच्या दाराशी, चपलांच्या रॅकपुढे.

"मदीच?" हौसेराव म्हणाले. "घरी चाललोय ना आपन."

"तितं कोन हाय मला? उज्वलाचा च्या घेऊ, मग जाऊ. अजून समद्यास्नी सांगायचंय कोन कोन हारलं ते."

हौसेरावांनी वरच्या जिन्याकडे पाहिलं. मग आमच्या चार घामट तोंडांकडे पाहिलं. मग मावशींकडे. मला वाटलं, आता हा माणूस आपला जन्माचा नियम सांगणार आणि आम्ही इथेच कोसळणार.

"ठेवा," ते म्हणाले. आणि स्वतः पायरीवर बसले, भिंतीला न टेकता.

तेव्हापासून हे रोजचं झालं आहे. साखर थोडी उतरली आहे, सिस्टर तेजश्रींनी ऑपरेशनचं परत डॉक्टरांच्या कानावर घातलं आहे, आणि उपसमितीची बैठक आता दुसऱ्या मजल्यावर होते, तिथे कोरम असतो. रोज संध्याकाळी माझ्या दारात खुर्ची टेकते, चहा होतो, हरलेल्यांची नावं वाचली जातात आणि माझं नाव बहुतेक वेळा त्यांत असतं. चपलांचा रॅक मावशींचे पाय ठेवायला लागतो म्हणून आमच्या चपला आता घरात पलंगाखाली राहतात, जिथे पूर्वी कॅरम असायचा. तक्रार करायची सोय नाही. केली तर खाडा.

त्या पहिल्या शनिवारी मात्र चहा झाल्यावर हौसेराव उठले, "हात लावा" म्हणाले, आणि आम्ही खुर्चीला हात घातल्यावर त्यांनी येताना बाजारातून घेतलेली स्वतःची भाजीची पिशवी, माझ्याकडे न बघता, माझ्या कोपरात अडकवली. तिसऱ्या मजल्यापर्यंत कोपर निखळायला आलं तेव्हा आत वाकून पाहिलं. सगळे बटाटे होते.